माजी विद्यार्थी संघात पहिलं वर्ष : नव्याने पास झालेल्या सिस्टर-ब्रदरांसाठी

रिझल्ट लागला की पंधरा दिवसांत होस्टेल रिकामं होतं. ट्रंका, गाद्या, बादल्या रिक्षात चढतात, मेसचा हिशेब मिटतो, आणि ज्यांच्याबरोबर तीन-चार वर्षं एका खोलीत काढली त्यातली कोणी गडचिरोलीला, कोणी चिपळूणला, कोणी थेट मस्कतला निघून जाते. पहिले दोन महिने रोज फोन होतात. मग एकीची नाईट, दुसरीची इव्हिनिंग, तिसरीचं लग्न. वर्ष सरेपर्यंत निम्म्या जणींचे नंबर बदललेले असतात.

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत शिकले. आज परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर आहे, आणि आमच्या माजी विद्यार्थी संघाची यादी आणि बातमीपत्र अकरा वर्षांपासून माझ्याकडे आहे. दरवर्षी नवी बॅच येते आणि तेच विचारते : सिस्टर, हा संघ म्हणजे नक्की काय? वर्गणी कशाची? आम्ही काय करायचं? दरवेळी उभ्या-उभ्या सांगते, अर्धं राहून जातं. म्हणून एकदा सगळं नीट लिहिते आहे.

एक गोष्ट मनात धरून पुढचं वाचा. वॉर्डात ड्युटी संपली म्हणून आपण पिशवी उचलून निघत नाही. पुढच्या सिस्टरला बेडमागून बेड सांगतो : याची सलाईन संपत आली आहे, त्याचं रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय, आजींच्या मुलाला फोन झालेला नाही. हॅण्डओव्हर दिल्याशिवाय ड्युटी सुटत नाही. संघाचं कामही माझ्या दृष्टीने एवढंच आहे. कोण कुठे आहे, कोणाचं काय चाललंय आणि कोणासाठी काय करायचं राहिलंय, हे एका बॅचने दुसरीला सांगत जायचं.

आधी चार गोष्टी वेगळ्या ओळखा

नव्या मुलींचा इथेच गोंधळ होतो. कौन्सिल म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषद. १९६६ च्या कायद्याने ती चालते, आपली नोंदणी तिथे होते, आणि ती नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्याखेरीज दिल्लीच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या पद्धतीत प्रत्येक परिचारिकेला देशभर चालणारा एक क्रमांक मिळतो, तो एनयूआयडी. हे कायद्याचं काम आहे, त्याला पर्याय नाही.

दुसरी टीएनएआय, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया. १९०८ पासूनची आपली व्यावसायिक संघटना. शाळेत असताना तुम्ही ज्या एसएनएच्या स्पर्धांत नाटकं, रांगोळ्या, पोस्टर केलीत, ती एसएनए तिचीच विद्यार्थी शाखा, १९२९ पासूनची. तिसरी कर्मचारी संघटना. पगार, बदल्या, पदोन्नती, रिक्त पदं, संप हे विषय तिचे.

चौथा आपला संघ. त्याच्या हातात कायदा नाही, पगारवाढ नाही. त्याच्याकडे फक्त माणसं आहेत, एका इमारतीत, एकाच डेमो रूममध्ये त्याच डमीवर बेड बाथ शिकलेली. पण एवढ्यावर काय उभं राहू शकतं ते पाहा. अमेरिकेतली परिचारिकांची राष्ट्रीय संघटना १८९६ मध्ये सुरू झाली ती वेगवेगळ्या नर्सिंग शाळांचे माजी विद्यार्थिनी संघ एकत्र येऊन. तिचं पहिलं नावच तसं होतं, आजचं नाव १९११ मध्ये आलं. आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये जिच्या नावाने शाळा निघाली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८७२ पासून पुढे अनेक वर्षं आपल्या शाळेतल्या मुलींना आणि नर्सेसना उद्देशून पत्रं लिहीत असे. आजारपणामुळे तिचं बाहेर जाणं फार कमी झालं होतं, पण शाळेची खबरबात तिने सोडली नव्हती.

पहिली पायरी : शाळा सोडण्याआधी तुमची नोंद पूर्ण करा

ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संघाच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं लिहा. पुढे एक रकाना लग्नानंतरच्या नावाचा, तो आज रिकामा राहू द्या. प्रवेशाचं वर्ष, पास झाल्याचं वर्ष, कोर्स (आरोग्यसेविकेचा एएनएम, नर्सिंग पदविकेचा जीएनएम, पदवीचा बीएस्सी, किंवा जीएनएमनंतरचा पोस्ट बेसिक), कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि तारीख, रक्तगट. मग दोन फोन नंबर. एक तुमचा. दुसरा असा की जो दहा वर्षांनीही लागेल : आईचा, भावाचा, गावातल्या दुकानदार काकांचा. पत्त्यात शहर लिहून थांबू नका, मूळ गाव आणि तालुका लिहा. शहरातली खोली बदलते, गाव बदलत नाही.

माहेरच्या आडनावाचा आग्रह मी का धरते, ते सांगते. आमच्या ओळखीतली एक सिस्टर परदेशी निघाली होती. तिच्या कागदांची पडताळणी करणारं पत्र ती शिकली त्या शाळेत गेलं, पण त्यात नाव लग्नानंतरचं. ऑफिसातल्या माणसाने रजिस्टर चाळलं, त्याला ते नाव सापडलं नाही, आणि 'या नावाची विद्यार्थिनी इथे शिकलेली नाही' असं उत्तर गेलं. तिने तीन वर्षं तिथे नाईट केलेल्या, बक्षिसं घेतलेली. ते उत्तर दुरुस्त करून घेण्यात तिचे सात महिने गेले आणि हातातली नोकरी दुसरीला मिळाली. दोन्ही नावं एका ओळीत लिहिलेलं एक रजिस्टर कुठेतरी असतं तर हे एका फोनवर मिटलं असतं. ब्रदर लोकांना हा त्रास नाही, पण त्यांचीही आडनावं प्रमाणपत्रावर एक आणि आधारवर दुसऱ्या स्पेलिंगने असतात. तेही आत्ताच पाहून घ्या.

याच आठवड्यात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज देऊन टाका. थिअरीचे तास, प्रत्येक वॉर्डातल्या प्रॅक्टिकलचे तास, वर्षवार गुण हे सगळं त्यात येतं. आज क्लार्क तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो, पाच वर्षांनी ओळखणार नाही. प्रॅक्टिकल रेकॉर्ड आणि केस बुक रद्दीत घालू नका. होस्टेल सोडताना जिन्याखाली केस बुकांचा ढीग पडलेला मी दर वर्षी पाहते, आणि दर वर्षी जीव हळहळतो.

दुसरी पायरी : सभासद व्हा, पण विचारून व्हा

आमच्याकडे आजीव वर्गणी १,००० रुपये आहे, पहिल्या पगारानंतर दिली तरी चालते. तुमच्या संघात जी असेल ती असेल. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा, संकोच करू नका : पावती मिळेल का, खातं संघाच्या नावावर आहे की एखाद्या सिस्टरच्या वैयक्तिक नावावर, आणि मागच्या वर्षीचा हिशेब सभेत वाचला गेला का. तिन्हींची उत्तरं सरळ आली तर निर्धास्त पैसे द्या.

कोणाला सभासद करून घ्यायचं यावर काही ठिकाणी उगाच वाद होतात. एएनएम झालेल्यांना जीएनएमवाल्यांनी दूर ठेवायचं, जीएनएमवाल्यांना बीएस्सीवाल्यांनी. उपकेंद्रात एकटीने बाळंतपणं करणाऱ्या आरोग्यसेविकेपुढे असला भेद बोलताना जीभ कशी रेटते, मला कळत नाही. जिने त्या शाळेचा गणवेश घातला, ती संघाची. लग्नामुळे किंवा घरच्या अडचणीने कोर्स अर्धवट सुटलेल्यांनाही आम्ही सहयोगी सभासद म्हणून घेतो, आणि संमेलनाला त्या आवर्जून येतात.

तिसरी पायरी : बातमी हॅण्डओव्हरसारखी द्या

आमच्या ग्रुपवर पूर्वी बातम्या अशा येत : 'आपल्या मॅडम सिरियस आहेत, प्रार्थना करा.' कोणत्या मॅडम? कोणत्या बॅचच्या? कुठे अ‍ॅडमिट? पुढे दोनशे जणींनी हात जोडलेली चित्रं टाकायची, आणि ज्यांना खरंच डबा नेऊन देता आला असता त्यांना पत्ताच नाही. आता आम्ही नियम केला आहे. बातमीत पाच गोष्टी हव्यात : पूर्ण नाव आणि माहेरचं आडनाव, बॅच, काय झालं आणि कधी, आता कुठे, आणि काय हवं आहे. पाचवी गोष्ट विसरू नका. नमुना असा :

'१९९४ ची बॅच, माहेरचं आडनाव अमुक, सध्याचं नाव तमुक. परवा रात्री घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, काल ऑपरेशन झालं. सोलापुरात मुलाकडे आहेत, आठवडाभर रुग्णालयात राहतील. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, दुपारी १२ ते ५ सोबत हवी आहे. सोलापुरातल्या कोणाला शक्य आहे ते लिहा. फोन संध्याकाळी ६ नंतर करा.'

ही बातमी टाकल्यावर चार तासांत आठवड्याची पाळी लागली. नाईट करून आलेली एक जण दुपारी येऊन बसली. तिला झोपायला घरी जा म्हटलं तर म्हणाली, इथे खुर्चीवर डोळा लागतोच, सवय आहे.

आनंदाच्या बातम्यांतही तपशील हवा. 'माझं सिलेक्शन झालं' एवढंच लिहू नका. कुठे, कोणत्या परीक्षेतून, अभ्यास किती महिने केला आणि कागद कोणते लागले ते लिहा. तुमच्या मागच्या बॅचच्या दहा जणी ते वाचून अर्ज भरतात. लग्न, बाळ, घर, निवृत्ती, पोस्ट बेसिकला प्रवेश, अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) परिसेविका झाली, पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) म्हणून शाळेत परत आली, हे सगळं बातमीपत्रात यायलाच हवं. आमच्या बातमीपत्राची चार पानं असतात, वर्षातून दोनदा, आणि ज्येष्ठ सभासदांसाठी ते आम्ही छापून पोस्टाने पाठवतो. सत्तरीच्या पुढच्या सिस्टर ते पाकीट उशाखाली ठेवतात, असं त्यांच्या सुना आम्हाला सांगतात.

आता काय टाकायचं नाही. रुग्णाचा फोटो, केसपेपर, एक्स-रे कधीच नाही, चेहरा झाकलेला असला तरी नाही. सभासदाच्या आजाराचं नाव तिच्या परवानगीशिवाय नाही. गर्भपात, घटस्फोट, एचआयव्ही, मानसिक आजाराची औषधं, चौकशी किंवा निलंबन यांतलं काहीही ती स्वतः सांगत नाही तोवर आपल्या तोंडून निघता कामा नये. वॉर्डात गुप्तता पाळायला शिकलो, तीच आपल्या माणसांसाठीही पाळायची.

निधनाच्या बातमीचा नियम आमच्याकडे फार कडक आहे, आणि तो माझ्या चुकीतून आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, रोज कुठून ना कुठून वाईट खबर येत होती. एका रात्री मेसेज आला की आमच्या एका सिस्टर गेल्या. आडनाव तेच, रुग्णालय तेच. मी दोन मिनिटांत तो सगळ्यांना पाठवला. सकाळी गावी त्यांच्या आईला कोणीतरी सांत्वनाचा फोन केला. सिस्टर ऑक्सिजनवर होत्या, पण होत्या. गेलेल्या त्या दुसऱ्याच शाळेच्या, त्याच आडनावाच्या. त्या माउलीने तो फोन ऐकून जो आक्रोश केला, तो मला शेजारणीने सांगितला आहे आणि तो मी विसरू शकत नाही. तेव्हापासून नियम : घरच्या एका माणसाशी आणि तिथे ड्युटीवर असलेल्या एका सिस्टरशी स्वतः बोलल्याशिवाय निधनाची बातमी जात नाही. आणि ग्रुपवर टाकण्याआधी तिच्या बॅचच्या जवळच्या दोघी-तिघींना फोन करून सांगायचं. अशी बातमी मोबाइलच्या पडद्यावर वाचायची वेळ जिवलग मैत्रिणीवर येऊ नये.

फोनच्या वेळेचंही बघा. सकाळी ९ ते दुपारी २ नाईटवाल्या झोपलेल्या असतात. तातडीचं नसेल तर मेसेज टाका, त्या उठल्या की करतील.

चौथी पायरी : दोन ग्रुप, दोन कामं

एक ग्रुप फक्त सूचनांचा, त्यात तीन-चार जणींनाच लिहिता येईल. दुसरा गप्पांचा. गप्पांच्या ग्रुपवर शुभ सकाळ, रेसिपी, नातवंडांचे फोटो चालू द्या, माणसं त्यानेच जोडून राहतात. राजकारण, औषधांचे घरगुती दावे आणि साखळी योजना तेवढ्या बंद ठेवा. प्रत्येक बॅचची एक प्रतिनिधी नेमा. नव्या बॅचने तर रिझल्टच्या आधीच नेमावी, आणि सगळ्यांत हुशार मुलगी नेमण्यापेक्षा सगळ्यांशी जिचं जमतं ती नेमावी.

पाचवी पायरी : संमेलन ड्युटीच्या हिशेबाने ठरवा

रविवारी संमेलन ठेवलं की सगळे येतील, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आपल्याकडे रविवारीही वॉर्ड भरलेला असतो. १२ मे, परिचारिका दिन, हा तर सगळ्यांत अडचणीचा दिवस, कारण त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या रुग्णालयात कार्यक्रम असतो. आम्ही मे सोडून डिसेंबरचा दुसरा शनिवार धरला आहे. लग्नाची धामधूम जरा असते, पण उन्हाळा नसतो आणि शाळा-कॉलेजच्या परीक्षा नसतात.

वेळ ठरवताना तिन्ही पाळ्या डोळ्यांसमोर ठेवा. मॉर्निंग ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८, नाईट ८ ते ८. म्हणून दोन सत्रं करा. पहिलं साडेदहा ते दीड : यात इव्हिनिंगवाल्या येऊन वेळेत ड्युटीवर जाऊ शकतात. मग जेवण, पण दीडला पंगत बसवून अडीचला आवरू नका, साडेतीनपर्यंत वाढपी उभे ठेवा, कारण मॉर्निंग सुटलेल्या हॅण्डओव्हर देऊन पावणेतीनला पोचतात, भुकेल्या. दुसरं सत्र साडेतीन ते सहा : मॉर्निंगवाल्या आणि झोप काढून आलेल्या नाईटवाल्या. महत्त्वाचा कार्यक्रम जेवणाच्या अलीकडे-पलीकडे ठेवा, म्हणजे जास्तीत जास्त जणींना सापडतो. तारीख दोन महिने आधी कळवा, म्हणजे ऑफ मागता येतो किंवा ड्युटी बदलून घेता येते. स्थानिक रुग्णालयात इन-चार्ज सिस्टर आपल्याच शाळेच्या असतील तर त्यांच्यावर दडपण आणू नका. सगळ्यांनाच ऑफ दिला तर वॉर्ड कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न खरा असतो.

कार्यक्रम साधा ठेवा. प्रार्थना, दीपप्रज्वलन, वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून दोन मिनिटं शांतता. मग हजेरी, सगळ्यांत जुन्या बॅचपासून. भाषणं एक-दोन, तीही छोटी. पाहुण्यांना शाली-नारळ देण्यात तास घालवला तर मैत्रिणींशी बोलायचं कधी? शाळेची परवानगी घेऊन जुनी डेमो रूम आणि होस्टेलची एखादी खोली उघडी ठेवा. लोक तिथेच रमतात. मागच्या वेळी ऐंशीच्या दशकातल्या एका बॅचच्या पाच जणी डेमो रूममध्ये गेल्या आणि सगळ्यांत आधी चादरीचे कोपरे तपासले. मग न बोलता दोघींनी तो बेड परत लावला. पहिल्या वर्षाच्या मुली दारात उभ्या राहून बघत होत्या. कॉर्नर कसा दुमडायचा ते त्या दिवशी त्यांना जेवढं नीट समजलं तेवढं महिनाभरात समजलं नव्हतं, असं त्यांच्या ट्यूटरच म्हणाल्या.

त्याच दिवशी जुने फोटो मागवून घ्या आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहा. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला ससून रुग्णालयात मुलींना नर्सिंग शिकवायची सोय केली. घरंदाज बाईने हे काम करावं का, यावर समाजात कुजबुज चालायची तो काळ. आपल्यापैकी किती जणींना त्या पहिल्या मुलींपैकी एकीचं तरी नाव सांगता येईल? आपल्या शाळेच्या पहिल्या बॅचचं असं व्हायला नको असेल तर आजच्या नव्वदीतल्या सिस्टरांसमोर फोटो धरून नावं विचारण्याचं काम या वर्षीच करायला हवं. नव्या मुलींनी हे अंगावर घ्यावं. तुमच्या हातात चांगले मोबाइल आहेत, आणि आजी तुमच्याशी आमच्यापेक्षा मोकळ्या बोलतात.

सहावी पायरी : मदतनिधी आणि त्याचे कागद

बहुतेक संघ मदतीच्या बाबतीत मनाने मोठे आणि कागदाने कच्चे असतात. पन्नास-साठ जणी असताना वहीत हिशेब चालतो. त्यापुढे संस्था नोंदवून घ्या. महाराष्ट्रात सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली किमान ७ सभासद लागतात, घटना आणि नियमावली लिहावी लागते, आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद होते. मग पॅन, संघाच्या नावाचं बँक खातं, दोघींच्या सह्या, दरवर्षी लेखापरीक्षण. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज हमखास राहतो, अध्यक्षा निवृत्त होऊन नागपूरला गेलेल्या असतात, आणि बँक नव्या सह्या घेत नाही. निवडणुकीच्या दिवशीच त्या अर्जावर सह्या घेऊन ठेवा.

परदेशातल्या सभासदांकडून देणगी घेताना सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेली आपली मैत्रीण दुबईहून किंवा लंडनहून बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून पैसे पाठवते, ती परकीय देणगी धरली जात नाही. पण तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, मग हातात ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांना मिळणारं) का असेना, तर ती परकीय देणगी होते, आणि त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. मन दुखावेल म्हणून विचारायचं टाळू नका. प्रेमाने पाठवलेल्या दहा हजारांपायी संघावर कायद्याची अडचण येते. तिने सुट्टीत आल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलींशी इंग्रजी मुलाखतीची तयारी करून घेतली तर ती देणगी मला त्याहून मोठी वाटते.

निधी कशाला द्यायचा ते आधी लिहून ठेवा. आमचा क्रम असा : गंभीर आजार, सेवेत असताना झालेला मृत्यू, विद्यार्थिनीची अडलेली फी. लग्नकार्याला नाही, घरबांधणीला नाही. निर्णय तिघींनी घ्यायचा, आणि घेणाऱ्याचं नाव बातमीपत्रात छापायचं नाही, फक्त रक्कम.

मदत म्हणजे पैसाच असंही धरून चालू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ च्या नोव्हेंबरात अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला, आणि ती मे २०१५ मध्ये जाईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलींनी तिला भरवलं, तिची पाठ पुसली. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या या माणसांचाच आहे असं मानलं. एक पिढी दुसरीला काय सांगून जाते, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या पेशात मला माहीत नाही.

सातवी पायरी : परदेशी जाणाऱ्यांनी आधी आपल्यातल्यांना विचारा

ब्रिटनला जायचं तर सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा), अमेरिकेला एनसीएलईएक्स ही परवान्याची परीक्षा, आखातात बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिकसारखी संगणकावरची परीक्षा आणि डेटाफ्लो कंपनीकडून कागदांची पडताळणी, जर्मनीला जर्मन भाषा. हे सगळं एजंट सांगतोच. तो सांगत नाही ते आपली तिथली सिस्टर सांगते : वॉर्डात एकेका सिस्टरकडे किती पेशंट, ओव्हरटाइम मिळतो की नुसता लिहिला जातो, राहायला खोली कशी, पासपोर्ट कोण ठेवून घेतं. म्हणून बातमीपत्रात परदेशातल्या सभासदांची देशवार यादी असावी, अर्थात त्यांच्या परवानगीने.

एजंटकडे जाण्याआधी तो ई-मायग्रेटवर, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी अशी मर्यादा आहे. लाखांत मागणाऱ्यापुढे सही करू नका. २०१५ पासून आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना उत्प्रवास मंजुरी (परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी) सक्तीची आहे. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलू' असं कोणी म्हणालं तर त्याच दिवशी संघातल्या कोणाला तरी फोन करा. नुसत्या दुसऱ्या राज्यात जात असाल तरी कौन्सिलचं ना-हरकत पत्र आणि तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागते, तेही निघण्याआधी सुरू करा. आणि जिथे असाल तिथून आपल्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. संघाने दर जानेवारीत त्या वर्षी मुदत संपणाऱ्यांची यादी काढून प्रत्येकीला कळवावं. रजिस्टरमध्ये नोंदणीची तारीख लिहायला सांगितली ती याचसाठी.

आठवी पायरी : 'शेवटचं बोलणं'

आमच्या रजिस्टरचा शेवटचा रकाना 'शेवटचं बोलणं' असा आहे. सभासदाशी कोणाचंही बोलणं झालं की तिथे तारीख पडते. दर सहा महिन्यांनी आम्ही वर्षाहून जुन्या तारखा शोधतो आणि त्या नावांची वाटणी करतो, एकीला दहा नावं. हे काम मी दरवेळी नव्या बॅचकडे देते. एका रविवारी दुपारी चहा घेऊन बसायचं आणि दहा फोन करायचे. 'सिस्टर, मी आपल्याच शाळेची, अमुक बॅचची' एवढी सुरुवात पुरते. पुढचं त्याच बोलतात.

मागच्या खेपेला एका मुलीच्या वाट्याला १९६८ च्या बॅचचं नाव आलं. नंबर लागला, पण उचलला नातवाने. आजी आता साताऱ्याला आत्याकडे असते म्हणाला, ऐकू कमी येतं, पण शाळेचा फोन आहे म्हटल्यावर बोलेल. आत्याचा नंबर दिला. मुलीने तिथे फोन लावला, नाव सांगितलं, शाळा सांगितली. पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मग आजींनी विचारलं, 'होस्टेलच्या मागची विहीर बुजवली का गं?' मुलीला माहीत नव्हतं. तिने संध्याकाळी जाऊन पाहिलं, जाळी टाकलेली विहीर आहे अजून, आणि तसं त्यांना परत फोन करून सांगितलं. रजिस्टरमध्ये त्या ओळीवर आता तिच्या अक्षरात साताऱ्याचा नंबर आहे, 'मोठ्याने बोलावे' अशी सूचना आहे, आणि एकाच दिवसाची तारीख दोनदा पडलेली आहे.